बोर्डावर शिंपडलेलं नारळाचं पाणी

निजामाच्या अमलात सिरसाळ्याच्या बाजूला कापसातून सरकी काढायचा एक कारखाना होता. तिथं मी विजेचा मिस्त्री होतो. हंगामाआधी सगळं तपासून धोका कुठं आहे ते मालकांना लिहून द्यायचं, हे माझं काम. त्या वर्षी मी खरं ते लिहिलं. तारा उघड्या, बोर्डावर उडत्या कापसाचा थर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कामाच्या बाया आत असताना दाराला बाहेरून कुलूप. ओच्यातून कापूस नेतात म्हणून मालक ते लावायचे. त्या बायांत माझी बायको होती.

मालक कागद वाचून हसले. "लई भ्या वाटतंय व्हय, मिस्त्री? मग किल्ली तुमीच ठिवा की."

नोकरी सोडावी तर राहायची खोलीही कारखान्याचीच. इकडे आड, तिकडे विहीर. मी किल्ली कमरेला लावली. आता तिला मीच कोंडणार होतो. स्वतःची भयंकर चीड आली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्रांची पूजा. बाया आत, दार बंद, वीज पुरवणारं इंजिन चालू. ओसरीतल्या बोर्डाला मालकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाणी भक्तिभावानं थेट बोर्डावर शिंपडलं. बोर्ड कोरडा ठेवा, असं मी कागदात लिहिलं होतं. पण देवाच्या कामात तोंड कोण घालणार? सांगायला लाज वाटते, मीही हात जोडून उभा होतो.

फाटकन ठिणगी उडाली आणि कापूस पेटला. धूर दाराच्या फटीतून आत शिरला. बाया आतून दार बडवू लागल्या. मी त्या दारावरून पळत इंजिनाकडं गेलो, आधी वीज तोडली, मग परत येऊन कुलूप काढलं. तोवर गड्यांनी वाळू टाकून आग विझवली होती. कुणाला काही झालं नाही. देवानं वाचवलं, असं मालक म्हणाले.

बायको खोकत बाहेर आली. "पायाचा आवाज वळखला म्या. तुमी दारावरून फुडं गेलता."

वीज आधी का तोडावी लागते, ते मी तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बराबर हाय तुमचं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली. मी कुलूप लावलं. संध्याकाळी आमच्या खोलीची कडी लावायला गेलो तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या उघडंच."