कुसुमताईंचं पहिलं वाचन

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी प्रभाकरचा फोन आला. “सर, कुसुमताई गेल्या,” तो म्हणाला. नागपूरच्या नंदनवन भागात अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं आमचं एक छोटं केंद्र आहे. प्रभाकर तिथला ग्रंथपाल, स्वतः जन्मांध. कुसुमताई भोयर तिथल्या सर्वांत जुन्या वाचक आणि मी त्यांचं वाचन तपासणारा. आठवडाभरानं केंद्रात शोकसभा झाली. वयानं मोठा म्हणून मला बोलायला सांगितलं. मी त्यांच्या चिकाटीची गोष्ट सांगितली. नववीच्या विज्ञानाच्या अकरा कॅसेट उन्हानं खराब झाल्या आणि ताईंनी कुरकुर न करता सगळं पुस्तक पुन्हा वाचलं, असं म्हणालो. लोकांनी डोळे पुसले. ताईंच्या मुलीनं मला वाकून नमस्कार केला... मी सांगितलं ते खोटं होतं. कॅसेट उन्हानं खराब झाल्या नव्हत्या. त्या मी पुसल्या होत्या. इतकी वर्षं हे कुणाजवळ बोललो नाही. आता ऐंशी ओलांडली आहे. ज्यांच्यापुढे खोटं बोललो त्यांच्यासाठी तरी खरं काय ते लिहून ठेवतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीसाठी नागपूरला आलो आणि हायस्कूलमध्ये जन्मभर मराठी शिकवलं. माझा कान तिखट आहे असं सगळे म्हणत आणि मला ते आवडे. कुणी ‘पानी’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडे. कुणी ‘जेवतो आहे’ या अर्थी “मी जेवण करून राहिलो” म्हटलं की मी विचारत असे, “जेवण केलंत ते कळलं, पण राहिलात कुठे?” भाजीवाला, रिक्षावाला, शाळेचा शिपाई, कुणी सुटलं नाही. माझी पत्नी मालती इथलीच. लग्न झालं तेव्हा तिच्या तोंडी ‘का’ऐवजी सारखं ‘काहून’ असायचं. दोन वर्षांत तिनं माझ्यासमोर ते म्हणणं सोडलं. तो मला तेव्हा माझा विजय वाटला होता.

निवृत्तीनंतर मी केंद्रात जाऊ लागलो. वाचकांनी वाचलेली प्रत्येक कॅसेट ऐकायची आणि चुका वहीत टिपायच्या, हे माझं काम. त्याच सुमारास कुसुमताई आल्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, गाव काटोलकडचं. सकाळची ड्यूटी संपवून हुडकेश्वरला घरी जायच्या आणि पोळ्या उरकून तीनला सायकलनं नंदनवनात हजर व्हायच्या. पहिल्याच दिवशी मी आवाजाची चाचणी घेतली. आवाज स्वच्छ, दम चांगला, पण सगळे ‘ण’ म्हणजे ‘न’. मी नापसंती लिहिली. केंद्राच्या समितीनं तरीही त्यांना घेतलं, कारण वाचक मिळत नव्हते आणि शाळा उघडायच्या आत नववीचं विज्ञान तयार हवं होतं.

ते वाचन त्यांनी मे महिन्यात केलं. नागपूरचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ध्वनिमुद्रणाची खोली दहा बाय दहाची, आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना आतून गाद्या लावलेल्या. कूलरची घरघर कॅसेटमध्ये उतरते म्हणून कूलर बंद, पंखाही बंद. मानेवर ओला पंचा टाकून त्या अर्धा तास सलग वाचायच्या, बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायच्या आणि परत आत जायच्या. “दवाखान्याच्या भट्टीत सुया उकडतो आमी, आता मीच उकडून राहिली,” असं म्हणून हसायच्या. महिनाभरात अकरा कॅसेट झाल्या.

मी त्या ऐकल्या आणि वही भरून टाकली. ‘प्राणी’चं ‘प्रानी’, ‘उष्णता’ची ‘उस्नता’. शिवाय त्या मधूनच पुस्तक सोडून बोलत होत्या. नाडीच्या ठोक्यांचा भाग आला तर म्हणतात, “आता बोट मनगटावर ठेवा, अंगठ्याच्या खाली. जोरात दाबू नका. लागली का टुकटुक? नसन लागली त पुन्हा पाहा, मी थांबते.” आणि खरंच थांबल्या होत्या. पंधरावीस सेकंद कॅसेटमध्ये नुसता त्यांचा श्वास. मी वहीत लिहिलं, ‘पुस्तकाबाहेरचा मजकूर, विनाकारण शांतता.’

अंध मुलं भाषा कानानंच शिकतात, त्यांच्या कानात अशुद्ध जाता कामा नये, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती पूर्ण खोटी नव्हती. पण समितीनं माझं म्हणणं डावललं होतं, हेही मनात होतं. नापसंतीचा शेरा दिला तर समिती पुन्हा डावलेल, म्हणून मी शेरा दिलाच नाही. कॅसेट पुसायची तर माइक काढून ठेवायचा आणि ध्वनिमुद्रणाचं बटण दाबून ती कोरी फिरू द्यायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, तासाची कॅसेट अशी पुसायला तासच लागतो. केंद्राला सुट्टी होती तेव्हा चार दिवस मी रोज जाऊन बसलो. माइक नव्हता, त्यामुळे आवाजाची काळजी नव्हती. मी कूलर लावला आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. रागाच्या भरात एखादी गोष्ट होऊन जाते, तसं हे नव्हतं. प्रत्येक तासाला थांबता आलं असतं.

ताई आल्या तेव्हा मी म्हणालो, “बाई, उन्हानं कॅसेट खराब झाल्या. सगळ्याच.” त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “उनच तसं आहे सर. अंडं ठेवलं त उकडते खिडकीत. शाया कधी उघडते?”

“जूनच्या शेवटी.”

“मंग बसून काहून राहिलो? लावा कॅसेट.”

दुसऱ्या वाचनाला मी आत त्यांच्यासमोर बसलो. ‘न’ झाला की बोट वर करायचं, त्यांनी थांबून ते वाक्य पुन्हा वाचायचं. एकदा त्या म्हणाल्या, “सर, तुमचं बोट वर झालं की माझी जीभच सुकते पाहा.” मी म्हणालो, “सवय होईल.” झालीही. जूनअखेर निर्दोष अशा अकरा कॅसेट तयार झाल्या आणि मी प्रभाकरकडे दिल्या. प्रत्येक कॅसेटवर तो ब्रेलची चिठ्ठी लावायचा आणि त्यासाठी ती स्वतः ऐकायचा. पहिलं वाचनही त्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ आला.

“सर, ताई भेवून वाचून राहिल्या जी.”

“शुद्ध वाचताहेत,” मी म्हणालो.

“ते हाय. पन पहिल्या वाचनात मले माही नाडी सापडली होती. शायेत चित्र दाखवत होते सारे, मले कोनी हात लावून दाखवली नव्हती. यात ते नाही.”

त्या वाक्यानंतर मी वहीत उच्चारांच्या चुका टिपणं बंद केलं. ताईंच्या पुढच्या पुस्तकाला आत बसलो नाही. त्यांचे ‘न’ परत आले, मधलं बोलणंही परत आलं. पहिलं वाचन मात्र परत येणार नव्हतं, आणि ते कुठे गेलं हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

सात वर्षांपूर्वी मालती अंथरुणाला खिळली. ताई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. कुणी न बोलावता एक दिवस दारात उभ्या राहिल्या आणि मग शेवटपर्यंत एक दिवसाआड येत राहिल्या. मालतीची पाठ पुसायच्या, जखम बांधायच्या आणि तोंडानं अखंड बडबड. “वैनी, जेवली काहून नाही वं? भाऊजींनं केलेली भाजी दिसते!” आणि आतून मालतीचा आवाज यायचा, “खाऊन तं पाय तू. मले तं मीठच नाही लागलं!” पन्नास वर्षांत ही भाषा मी तिच्या तोंडून अशी मोकळी ऐकली नव्हती. दोघी खिदळायच्या आणि मी स्वयंपाकघरात चहा ढवळत उभा राहायचो. शेवटच्या महिन्यात मालती माझ्याशीही तशीच बोलू लागली. “असे उभे काहून राहता? बसा नं जवळ.” मी बसायचो. हे सुख मला ताईंनी दिलं, मी कोणत्याही प्रकारे त्याला पात्र नसताना. एकदा त्या निघाल्या तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो आणि म्हणालो, “ताई, त्या विज्ञानाच्या कॅसेट...” त्या म्हणाल्या, “उद्या वैनीची चादर बदलाची आहे, लक्षात ठेवजा,” आणि गेल्या.

शोकसभा संपल्यावर प्रभाकरनं माझा दंड धरला. “सर, आज तरी खरं सांगान असं वाटलं होतं.” तो म्हणाला, “उन्हानं टेप वाकते, आवाज लहरते. त्या तं कोऱ्या होत्या. मी तेव्हाच ताईले सांगितलं.”

“मग त्या भांडल्या का नाहीत?”

“मी म्हटलं भांडा म्हनून. तं म्हने, आता भांडली त सर लाजंनं येनं बंद करतीन, मंग तपासन कोन? पोराइची परीक्षा होऊ दे, मंग भांडते.”

“मग?”

“मंग काय सर, परीक्षा दरवर्षीच असते नं,” प्रभाकर म्हणाला आणि हसला. मला रडू आलं, ते त्याला न दिसताही कळलं असावं. त्यानं दंड सोडला नाही.

गेल्या आठवड्यात मी केंद्रात गेलो. प्रभाकर जुन्या कॅसेट मुलांच्या फोनवर जातील अशा करतो आहे. अभ्यासक्रम कधीच बदलला, पण ताईंचं सगळं वाचन ठेवायचं असं ठरलं आहे. सुरुवातीची घोषणा मी करावी, असं त्यानं सांगितलं. खोलीत अजून त्याच गाद्या आहेत. ताई बसायच्या त्या खुर्चीत बसलो. प्रभाकरनं पंखा बंद केला. मी म्हणालो, “इयत्ता नववी, विज्ञान. वाचन, कुसुम भोयर. हे त्यांचं दुसरं वाचन आहे. पहिलं यापेक्षा चांगलं होतं. ते मी पुसलं.” पुढे माझं नाव सांगताना आवाज चिरकला.

“पुन्हा घ्या सर,” प्रभाकर म्हणाला. “घाई नाही.”

मी पाणी प्यालो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.