कोपर सोडून

चौदा-पंधरा साली आखातात, अल खौदला विद्यापीठाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथं पापुआ न्यू गिनीचा एक संशोधक दर गुरुवारी यायचा. डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं, पायात साध्या चपला. झेरॉक्सची पानं मोजायची त्याची तऱ्हा न्यारी होती. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत बोटं, मग मनगट, कोपर, खांदा, कान, डोळा असं एकेका पानामागे अंगाला हात लावत तो नाकापर्यंत यायचा. गिऱ्हाइकं हसायची, तोही हसायचा.

"आमच्या खोऱ्यात चार भाषा, चौघी सख्ख्या बहिणी," तो सांगायचा. "सगळ्या अंगावरच मोजतात. धाकटी तेवढी कोपर सोडते. ती भाषा बोलणारी शेवटची माझी मावशी. गेल्या वर्षी गेली."

एकदा गंमत म्हणून मीच त्याची पानं त्याच्यासारखी मोजायला घेतली. बोटं झाली, मनगट झालं आणि मी थेट खांद्यावर पोचलो. चुकलो म्हणून जीभ चावली, तर त्याने माझा हात धरला.

"चुकला नाहीस, भाई. मावशी असंच मोजायची." मग हळूच म्हणाला, "परत मोज ना."

मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि कोपर आठवणीने सोडलं.