नीलम्माचा फोन आणि पिवळं कार्ड

केजपासून जीपनं अर्ध्या तासावर चिंचोलीचा फाटा लागतो. त्या फाट्यावर नीलम्माचा एसटीडी बूथ होता. बूथ म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्यात काचेची केबिन बसवलेली, आत फोन आणि बाहेर पिवळा बोर्ड. बाहेरगावाहून कुणाचा फोन आला की नीलम्मा उंबऱ्यात उभी राहून हाळी द्यायची, "ओ विमलबाई, पुण्याची लेक बोलतीया, पळा!" तिचा आवाज पार ओढ्यापलीकडच्या शेतात पोचायचा. हाताखाली माणूस ठेवायची तिला कधी गरजच पडली नाही.

तिचा नवरा मन्मथप्पा सायकलवर पोती बांधून आठवडी बाजारात मिरची-मसाले विकायचा. माणूस कमी बोलणारा, पण हसरा. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात तो चढाला सायकलवरून उतरायला लागला, मग सपाटीलाही उतरायला लागला. पुढं पुढं तर अंगणातून घरात येतानाच त्याला बसावं लागे. नीलम्मानं त्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "हृदयाची झडप खराब झालीय. मुंबईला ऑपरेशन करावं लागेल. पिवळं रेशन कार्ड असेल तर सरकारच्या योजनेतून होईल."

नीलम्माकडं कार्ड होतं केशरी.

पिवळ्या कार्डाला लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याचं तलाठ्याकडं फार अडलं नाही. आधी त्यानं टेलिफोनचं भलंमोठं बिल बघून भुवया चढवल्या. "ह्यातलं खात्याला जातंय, आमच्या हाती कमिशन ऱ्हातंय," हे नीलम्मानं त्याला इतक्या मोठ्यानं समजावलं, की चावडीबाहेरच्या माणसांनाही समजलं. वर्षाला पंधरा हजारांच्या आतला दाखला मिळाला. पण केजच्या तहसिलात पुरवठ्याच्या टेबलावर बद्रीनाथ भाऊसाहेब बसले होते. सरळ माणूस, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही.

"मावशी, उत्पन्न बसतंय. पण तुमच्या घरात फोन आहे. फोन असला की पिवळं कार्ड नाही."

"त्यो फोन सगळ्या गावाचा हाय भाऊसाहेब. मी माझ्या सख्ख्या भावाला फोन केला तरी मीटर चालू ऱ्हातंय!"

"नावावर कुणाच्या आहे?"

"माझ्या."

"आणि आहे कुठं?"

"घरात," नीलम्मा म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं की आपण फसलो.

बद्रीनाथांनी कागद पुढं ओढून वाचून दाखवलं, "कुटुंबात निवासी दूरध्वनी नसावा."

"निवासी मंजे?"

"राहत्या घरातला."

"आन दुकानातला असला तर?"

बद्रीनाथांनी पेन खाली ठेवलं. "दुकानातला असेल तर तो निवासी नाही. पण तुमचं दुकान आणि घर एकच की. मधे दार आहे."

"मंग दार बुजवते."

ते हसले. नीलम्मा हसली नाही. ती उठली आणि गावाकडची जीप पकडायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गावातला धोंडीराम गवंडी थापी घेऊन हजर झाला. विटा शेजाऱ्यांनी दिल्या, पाणी विमलबाईनं ओढलं. मन्मथप्पा बाजेवर पडून बघत होता.

"अगं, पर मी बूथवर येऊ कसा?"

"तुमी येऊच नका. गप पडून ऱ्हावा."

संध्याकाळपर्यंत दाराच्या जागी भिंत उभी राहिली. आता घरातून बूथवर जायचं म्हणजे मागच्या दारानं निघायचं, शेजाऱ्याच्या शेळ्यांतून वाट काढायची आणि वळसा घालून रस्त्यावर यायचं.

आठवड्यानं बद्रीनाथ पाहणीला आले. त्यांनी भिंतीवर बोटानं ठोकून बघितलं. नीलम्मा चहा गाळत होती, तेवढ्यात पलीकडं फोन वाजला. तिनं गाळणी तशीच टाकली आणि पदर खोचून मागच्या दारानं सुटली. काय झालं ते न कळून बद्रीनाथही मागं धावले. एका शेळीला अडखळले, चिखलात चप्पल रुतली, ती उपसून ते बूथवर पोचले तेव्हा नीलम्मा हाळी देऊन मोकळीही झाली होती.

बद्रीनाथ स्टुलावर बसले. दम खाऊन म्हणाले, "न्हाई मावशी, हा फोन काही निवासी न्हाई. लई लांब हाय हो!"

तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, दूरध्वनी स्वतंत्र दुकानात. महिन्याभरात पिवळं कार्ड हातात आलं.

मुंबईच्या दवाखान्यात नीलम्माला पहिल्यांदाच हळू बोलावं लागलं. ऑपरेशनच्या दिवशी तिनं खिडकीपाशी बसून सकाळची दुपार केली. "नीट झालं सगळं," असं डॉक्टर सांगून गेले. ती त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीला हात जोडून नुसती उभी राहिली. मग खाली उतरून तिनं स्वतःच्याच बूथला फोन लावला. तिकडं विमलबाई बसली होती. बातमी ऐकताच तिनं रिसीव्हर बाजूला न ठेवताच अशी हाळी दिली, की नीलम्मानं मुंबईत कान धरला.

कार्तिकात, टाके चांगले वाळल्यावर, दोघं कपिलधारला गेली. मन्मथस्वामींच्या समाधीवर बेल वाहून झाला आणि मन्मथप्पा कुणाचा हात न धरता धबधब्याकडं चालू लागला. काठाला त्यानं सदरा काढला. छातीवरचा व्रण अजून कोवळा, गुलाबी होता.

"आवो, पाणी गार हाय! डॉक्टरनी काय सांगितलंय?" नीलम्मा ओरडली.

"धारंखाली उभं ऱ्हाऊ नको आसं न्हाई सांगितलं," तो धारेखालूनच म्हणाला.

नीलम्मानं इकडंतिकडं बघितलं, चपला काढल्या आणि लुगड्यानिशी तीही धारेखाली जाऊन उभी राहिली.