गोदामाच्या पलीकडे

ताईंनी उभी हयात हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुतल्या. अजस्र यंत्रं, वाफ आणि डोक्यावर दिवसाढवळ्या जळणारे दिवे. बाहेर ऊन आहे की ढग, हेही वरून येणाऱ्या बायकांना विचारायचं. घरी यावं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांची एकुलती एक मोठी खिडकी उघडायची समोरच्या गोदामावर. राखाडी, बिनखिडक्यांची भिंत, यांच्या इमारतीहूनही उंच. नवरा थट्टेनं म्हणायचा, "एक बरंय, समोरच्यांची कटकट नाही."

तो गेला, ताई निवृत्त झाल्या आणि परगावच्या धाकट्या बहिणीनं धोशा लावला, "एकटी काय करतेस तिथं? विकून टाक आणि ये माझ्याकडे." ताईंनाही पटलं. पण बाजार इतका थंड, की विचारू नका. एजंट चुकूनमाकून एखादं गिऱ्हाईक आणायचा. ते नळ सोडून बघायचं, मान डोलवायचं आणि पडदा सरकवला की त्याचं तोंड उतरायचं. "कळवतो हं," म्हणून गेलेले पुन्हा कधी फिरकले नाहीत.

"ताई, किंमत तरी उतरवा, नाहीतर पडदा भिंतीला शिवून टाका," एजंट वैतागून म्हणाला.

त्यात गोदाम पाडायला घेतलं. दिवसभर धडाडधूम, चहात धूळ, उशीवर धूळ. एजंटनं हातच टेकले. ताईंनी खिडकी लावून घेतली, फटींत ओली फडकी कोंबली आणि मुक्काम स्वयंपाकघरात हलवला.

एका सकाळी आवाज थांबला होता. फडकी धुवायला काढावीत म्हणून ताईंनी खिडकी उघडली आणि फडकं हातातच राहिलं.

गोदामामागे रस्ता उताराला लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण तो उतार असा वरून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. घरांची छपरं खाली खाली उतरत गेली होती आणि त्यांच्यापलीकडे नदी. पुलावरून जाताना बसच्या काचेतून दिसायची ती तुकड्यातुकड्यांची नव्हे, अख्खी. दूरच्या डोंगरातून निघालेली, शहराला सावकाश वळसा घालून उन्हात पसरलेली. डोंगरामागे डोंगर, त्यामागे आणखी एक, आणि शेवटचा तर इतका फिका, की डोंगर कुठं संपला न् आभाळ कुठं सुरू झालं, काही कळेना. न कळवता कुणी फार मोठं माणूस दारात येऊन उभं राहावं, तसं ताईंना झालं. त्यांनी केससुद्धा सारखे केले.

मग बहिणीला फोन लावला. "अगं, इथं नदी आहे."

"आहेच की! बरी आहेस ना तू?"

"गावात नाही गं. माझ्या घरात."

एजंट आला आणि आ वासून बघतच राहिला. पण गडी लगेच सावरला. "आता किंमत मी म्हणेन ती!"

गिऱ्हाईकं पुन्हा येऊ लागली. ताई प्रत्येकाला सांगायच्या, "बघून घ्या. पण इथं नवी इमारत उठणार आहे. वर्षा-दोन वर्षांत हे सगळं झाकलं जाईल." एजंट खोकायचा, डोळे वटारायचा.

"ताई, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

"मग काय नदी विकू? माझी आहे का ती?"

शेवटी एक बस चालवणारी बाई आली. खिडकीशी इतका वेळ उभी राहिली, की एजंटनं तिथंच जमिनीवर बैठक मारली. ताईंनी तिलाही इमारतीचं सांगितलं.

"रोज त्या पुलावरून बस नेते मी," ती म्हणाली. "नजर कायम पुढच्या गाडीच्या दिव्यांवर. आज पहिल्यांदा बघतेय. वर्षभर मिळालं तरी पुष्कळ झालं." आधीच्याच किमतीला सौदा ठरला. एजंट कुरकुरला, पण मिठाईचा पुडा त्यानंच आणला.

किल्ली द्यायच्या सकाळी बाहेर दाट धुकं होतं. छपरंसुद्धा दिसत नव्हती. "ताई, फसवलंत की मला!" ती बाई हसली.

ताईही हसल्या, पण खिडकीपासून हलल्या नाहीत. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. समोर नुसता पांढरा पडदा, आणि त्यामागे केवढं काय काय आहे, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला.

"येतेच रे," त्यांनी खाली ओरडून सांगितलं आणि आणखी थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या.