आधी गाव विचारायचं

हुमनाबादच्या बसस्टँडसमोर जुने संगणक दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. जवळच्या निर्णा गावात मी मुलींचा टायपिंगचा वर्ग चालवते. परीक्षा तोंडावर आली आणि वर्गातल्या एकुलत्या एक संगणकाची सिस्टीम बिघडली. नवी टाकायला गेले, तर ‘या यंत्रावर चालणार नाही’ असं पडद्यावर उमटलं. दुसरा घेण्याची ऐपत नव्हती. सीपीयू पोत्यात बांधून मी याच्याकडे नेला आणि मुलींच्या परीक्षेचं सांगितलं.

“म्हातारं न्हाई झालं, अक्का,” तो म्हणाला. “नवी सिस्टीम ह्याला वळखंना. वळख करून द्यावी लागती.”

त्यानं लिनक्स नावाची दुसरी, फुकट मिळणारी सिस्टीम टाकली, पण पडदा काळाच राहिला. त्यानं शांतपणे सीपीयूचा डबा उघडला. आतलं एकेक कार्ड काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायचं, डोळ्याजवळ धरायचं आणि बारीक अक्षरांतलं कंपनीचं नाव वाचत दखनीत विचारायचं, “कहां के रे तुम?” उत्तर सापडलं की त्या कार्डाची नेमकी फाईल शोधून टाकायची, आणि “बा अप्पा, बा”, म्हणजे ‘ये बाबा, ये’, असं कन्नडमध्ये गोंजारत बटण दाबायचं.

“त्याला काय कळतंय?” मी म्हणाले.

“त्याला न्हाई, मला कळतंय की! गाव न इचारता बोलायलो, तर चुकायलोच.”

अखेर पडदा उजळला. मी मराठीत ‘निर्णा’ टाइप केलं. अक्षरं नीट उमटली. पोतं बांधू लागले, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुमचं गाव इचारायचंच राहिलं की. निर्णा व्हय? मग पळा, अक्का! बस सुटायलीय, पोरी वाट बघत असतील.”