भावाचा दोष

वहिनी गेली त्या वर्षी मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला होतो. पुस्तकं काढून द्यायची, परत आली की जागेवर लावायची, फाटलेली डिंकाने चिकटवायची. आमचं घर ढिवरांचं. बाप तलावात मासे धरायचा, मोठा भाऊही तेच करायचा. शिकलो तो मी एकटा. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. दिलं आणि विषय घेतला तत्त्वज्ञान. कारण साधंच होतं. त्या कपाटाकडे कुणी फिरकत नसे, दुपारी तिथे निवांत बसता येई. पण वाचता वाचता गोडी लागली. खरं कशाला म्हणायचं, दोष कुणाचा धरायचा, असल्या गोष्टींवर मी चहाच्या टपरीवर वाद घालू लागलो. बहुतेक वेळा जिंकायचो, आणि त्याचा मला अभिमान होता.

आमचं गाव जीपने तासाभराच्या वाटेवर. भावाचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच. धानाची कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. दिवस मावळता भाऊ घरी आला, पाय धुऊन सपरीत, म्हणजे ओसरीवर, टेकला, आणि त्याच्या लक्षात आलं की जाळं पाळीवरच वाळत राहिलंय. तो वहिनीला म्हणाला, "जाय वो, जाळं घेऊन ये." ती गेली. गवतात घोणस होती. बैलबंडीतून सडकेपर्यंत आणलं, तिथून जीप मिळाली, पण ब्रह्मपुरी यायच्या आधीच ती गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्यानंतर भाऊ दिसेल त्याला एकच सांगू लागला. "मीच धाडलो तिले. मी जाऊ शकत होतो. मी बसून होतो." न्हाव्याला सांगितलं, मासे घ्यायला येणाऱ्या बायांना सांगितलं, सडकेवर जीपची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसांनाही सांगितलं. आधी लोक ऐकून घेत, हळहळत. मग तो दिसला की वाट बदलू लागले. गावातून येणारा प्रत्येक जण मला म्हणायचा, तुमच्या भावाचं काही तरी करा.

मला ते सहन होईना. माझा सख्खा भाऊ नसलेला गुन्हा डोक्यावर घेऊन फिरत होता, आणि असल्या गुन्ह्यांविषयी तर मी तीन वर्षं वाचत होतो! एका रविवारी मी गावी गेलो. तो सपरीत बसला होता. मला पाहताच त्याने सुरुवात केली, "बाबू, मीच धाडलो..."

मी त्याला थांबवलं. "भाऊ, एक सांग. गवतात साप आहे हे तुले मालूम होतं काय?"

"नाई."

"मालूम असतं तर धाडला असता?"

"काऊन धाडलो असतो?"

"वैनी पाळीवर रोज जाये की नाई?"

"जाये. दिवसातून चारदा जाये."

"मंग त्या दिवशी तू वेगळं काय केलं?"

"मी बसून होतो ना, बाबू."

"दिवसभर पाण्यात उभा राह्यलेला माणूस बसणारच. बसणं काय गुन्हा आहे?"

मी त्याला पुस्तकातलं सोपं करून सांगितलं. ज्याला पुढचं माहीत नाही, ज्याच्या मनात वाईट नाही, त्याला दोष लागत नाही. जे घडलं ते घडून गेलं, त्याचा कर्ता तू नाहीस.

मग त्याने विचारलं, "मंग दोष कोणाचा?"

"कोणाचाच नाई."

"सापाचा?"

"साप जनावर आहे, भाऊ. तिचा पाय पडला त्याच्यावर."

"म्हणजे कोणाचाच नाई म्हणतोस तू."

"कोणाचाच नाई."

त्याने तळहाताने तोंड पुसलं. "बरोबर आहे तुह्यं," तो म्हणाला. "तू शिकला आहेस."

परतताना जीपमध्ये मी खुशीत होतो. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "मंग आता भाऊजी काय बोलतीन?"

"आता काय बोलायचं राह्यलं? सुटला तो."

ती खडे काढत राहिली.

भावाने त्या दिवसापासून ते सांगणं खरंच बंद केलं. गावातले लोक मला मानू लागले. पण त्याबरोबर त्याने वहिनीचं नाव घेणंही बंद केलं. तिची लुगडी कुणाला तरी देऊन टाकली. मी गेलो की पाऊसपाण्याचं बोलायचा, जेवायला वाढायचा, आणि मी निघायची वाट पाहायचा. होळीच्या सुमारास एका ठेकेदाराबरोबर तो अहेरीकडे निघून गेला, लाकडांच्या डेपोवर ओंडके रचायच्या कामाला. ज्याने जन्मभर पाणी सोडलं नाही तो माणूस लाकडं उचलायला गेला. मी म्हटलं, बरं झालं, जागा बदलली की मन रमतं. मी त्याला एकदाही भेटायला गेलो नाही.

दोन वर्षांनी माझी बायको तापाने पडली. माझी एम.ए.ची परीक्षा होती, म्हणून दवाखान्यात न्यायला मी एक दिवस उशीर केला. दुसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा माझ्याजवळ बसला होता. मी त्याला म्हणालो, "मी कालच आणायला पाहिजे होतं." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "सर, तुम्हाला काय माहीत होतं? तुमचा काय दोष?" माणूस भला होता, पण मला त्याचा असा राग आला की मी उठून बाहेर गेलो. ती माझी बायको होती. मी उशीर केला होता. ते माझं होतं, आणि हा परका माणूस ते माझ्या हातातून काढून घेत होता. बाहेर कडुलिंबाखाली उभा असताना मला भाऊ आठवला, आणि मी भावाचं काय केलं ते कळलं. त्याने तिला धाडलं, हा त्या दोघांमधला शेवटचा व्यवहार होता. त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं, आणि तेही मी वाद घालून हिरावून घेतलं.

बायको बरी झाली. ती चालू-फिरू लागल्यावर मी गडचिरोलीहून अहेरीची बस धरली.

बाजाराचा दिवस होता. भाऊ डेपोच्या फाटकाशी भेटला. वाळला होता, खांद्यावर घट्टे पडले होते. आम्ही चहाच्या दुकानात बाकावर बसलो. काय बोलायचं ते मी वाटभर जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"भाऊ," मी म्हणालो, "मी तवा चुकीचं बोललो."

"कवा?"

"वैनीचं. तिले तूच धाडलं होतं. तू जाऊ शकत होता."

तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाला, "ती म्हणे, मी जाते, पण भात पाहजा, करपंल." त्याचा आवाज फुटला. "अन् मी भातही नाई पाह्यलो, बाबू. टेकूनच राह्यलो. लोक तिले उचलून आणले तवा घरात करपल्याचा वास येत होता."

हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तो भर बाजारात रडला. टोपल्या घेतलेल्या बाया वळसा घालून जात होत्या. माझ्या डोक्यात सवयीने एक मुद्दा उभा राहिला, भात करपण्याचा आणि तिच्या जाण्याचा काही संबंध नाही. मी तो गिळला.

पुढच्या पावसाळ्याआधी भाऊ गावी परतला, पुन्हा तलावात उतरला. आता तो वहिनीबद्दल बोलायचा. ढिवराच्या घरात नांदूनही तिला पोहता कसं येत नव्हतं, मरळ कापताना ती तोंड कशी फिरवायची. मधेच 'मीच धाडलो' म्हणायचा, आणि पुढे बोलत राहायचा. आणखी तीन पावसाळे काढले त्याने. मग हिवताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत तो गेला. मी उशाशी होतो. त्या चार दिवसांत तो शुद्धीवर फार थोडा वेळ होता.

माझा तो रविवारचा युक्तिवाद मी नंतर अनेकदा तपासला. त्यात मला अजूनही चूक सापडत नाही. अहेरीत बोललो तेच बहुधा खोटं होतं. एकदा बायकोला म्हणालो, "दोन्हीतलं खरं कोणतं, समजत नाई." ती म्हणाली, "भाऊजी तुमाले पुसत होते का? ते तर सांगत होते."

एवढी वर्षं झाली, पण अहेरीतली ती दोन वर्षं मनातून जात नाहीत. डेपोवर दिवसभर ओंडके रचून तो खोलीवर जायचा, एकट्यापुरता भात टाकायचा. तिच्याबद्दल बोलायची सोय मी ठेवली नव्हती. तेव्हा तो तिथे कुणाशी काय बोलत असेल, हे मी त्याला विचारलं नाही, आणि आता ते सांगणारं कुणी नाही.