ब्रेक्झिटची नोव्हेना

ब्रेक्झिटचा निकाल लागला तेव्हा आम्ही मेलबर्नला लॅबच्या किचनमध्ये जेवत होतो. टीव्हीवर पाउंड कोसळल्याची बातमी चालली होती. कोणीतरी म्हणालं, चला, आता लंडनची ट्रिप स्वस्तात होईल, आणि सगळे हसले. आमचा सुपरवायझर मूळचा इंग्लंडचा. त्याचं पेन्शन तिकडे, म्हणून तो तेवढा हसला नाही. माझी बहीण तिकडे. मी डबा तसाच बंद केला, पार्किंगमध्ये गेले आणि तिला फोन लावला. तिकडे पहाट होती, पण बाई जागीच होती.

माझी धाकटी बहीण नर्स आहे. आम्ही वसईच्या, तिचा नवरा गोव्याचा. त्याच्या आजोबांची नोंद पोर्तुगालच्या दप्तरी, म्हणून त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, आणि लग्नानंतर हिलाही. दोघांनी भारताचा पासपोर्ट परत केला आणि युरोपियन म्हणून इंग्लंडला राहायला गेले. पोर्तुगाल दोघांनी आजतागायत पाहिलेलं नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाई गं, पासपोर्ट एकाचा, घर दुसऱ्याच्या देशात, ही काय भानगड? तर मला म्हणाली, "ताई, तू मेलबर्नला गेलीस तेव्हा मी काही बोलले का?"

त्या दिवशी फोनवर मात्र तिचा आवाज एवढासा झाला होता. "आता यांनी हाकललं तर आम्ही कुठल्या देशात जायचं, ताई?"

"इकडे ये," मी म्हटलं. आईबाबा गेलेले, आम्ही दोघीच उरलेल्या. ऑस्ट्रेलियाला नर्स हव्याच असतात, फक्त पंचेचाळिशीच्या आत यावं लागतं, आणि ती एक्केचाळीसची होती. मेलबर्नच्या टोकाला क्रेगीबर्नचं आमचं घर नुकतंच बांधून झालं होतं. खालची खोली तुझी, असं सांगून मी पडदेसुद्धा तिच्या आवडीचे निळे लावले. पण तिच्या नवऱ्याचं एकच पालुपद. पाउंड सावरू दे, मग घर विकू. ब्रेक्झिटचं काय ते ठरू दे, मग बघू.

आमच्याकडे काही अडलं की नोव्हेना करतात, नऊ दिवसांची प्रार्थना. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी जपमाळ म्हणायला सगळे जमायचे, तेव्हा आई आधी मोठ्याने सांगायची, आजची कोणासाठी. कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न, कोणाचा दुबईचा व्हिसा. आम्ही दोघींनी ते फोनवर सुरू केलं. माझी संध्याकाळ, तिची सकाळ. "ब्रेक्झिटचा निकाल लवकर लागू दे," असं म्हणून सुरुवात. माझा मुलगा शेजारच्या खोलीतून ओरडायचा, "मम, गॉड डझंट डू पार्लमेंट!" मी त्याला गप्प बस म्हणायचे. पण ते भिजत घोंगडं काही वाळेना. तिकडे तारीख पुढे गेली की इकडे आमची नवी नोव्हेना.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर चहाला सगळेच ब्रेक्झिटवर बोलायचे. एक अंकल, त्यांचा भाचा लंडनला, भलते खूश होते. म्हणाले, बरं झालं, युरोपियन लोकांना हाकलतील, आपल्या पोरांना नोकऱ्या मिळतील. मी म्हटलं, "अंकल, माझी बहीण युरोपियनच आहे हो." त्यांना वाटलं मी जोक केला. हसत हसत त्यांनी मला केकचा तुकडा दिला आणि मी तो खाल्ला.

शेवटी ब्रेक्झिटचं ठरलं एकदाचं. त्यांना इंग्लंडमध्ये राहायची परवानगीही मिळाली. पण नवरा ज्या मोटारींच्या कारखान्यात होता तो बंद होणार असल्याचं तोवर जाहीर झालं होतं, आणि आता तोच म्हणायला लागला, चला ऑस्ट्रेलियाला. बहिणीने कागद जमवायला घेतले. इतकी वर्षं इंग्लंडात पेशंट सांभाळलेल्या बाईला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, तिचीही तारीख मिळाली. तेवढ्यात कोविड आला. परीक्षा रद्द, इथल्या सीमा बंद, आणि ही डबल शिफ्टला. त्यातच तिला पंचेचाळीस पूर्ण झाली. वाढदिवसाला मी फोन केला तर म्हणाली, "झालं, ताई." मला इतका राग आला. तिच्या नवऱ्याचा आला, त्या पार्लमेंटचा आला, आणि खरं सांगते, मरियामातेचाही आला. आम्ही ब्रेक्झिटचा निकाल मागितला होता, तेवढाच तिने दिला होता.

खालच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे. पडदे तेच आहेत. बहिणीचा नवरा आता तिकडे पार्सलची व्हॅन चालवतो, ती वॉर्डात, आणि दोघांच्या शिफ्टची गाठ पडत नाही. जपमाळ मात्र आम्ही दोघी रविवारी अजून म्हणतो. मागच्या रविवारी मी सवयीने विचारलं, "आजची कशासाठी?"

ती म्हणाली, "तूच सांग."

मी खूप आठवून पाहिलं. मलाही काही सुचलं नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली, "नुसतीच म्हणूया." आणि तिने सुरुवात केली.